पाटीवरचा भंडारा

जहाजावर पाय ठेवायच्या आधी अप्पा मोठ्यानं सांगायचे, "मला भ्या वाटायलंय बरं का." कुणी विचारलेलं नसायचं. खलाशी असो, स्वयंपाकी असो, नाहीतर परदेशातून शिकून आलेला शास्त्रज्ञ, जो समोर असेल त्याला. पहिल्या सफरीला म्हणाले होते म्हणतात, आणि शेवटच्या सफरीला म्हणाले तेव्हा मी शेजारीच उभा होतो. नवखे हसायचे. पांढऱ्या मिशांचा, घोंगडीचा तुकडा खांद्यावर टाकलेला हा माणूस अर्धं आयुष्य समुद्रावर काढून अजून भितो कसा, असं त्यांना वाटे. अप्पा त्यांना म्हणत, "भ्यायला पायजे. भ्येणारा मानूस दोनदा बघतो. न भ्येणारा एकदाच."

मीही भीत होतो. पण मी कधी कुणाला सांगितलं नाही. अप्पांच्यात आणि माझ्यात फरक होता तो एवढाच, आणि तो किती मोठा होता हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

अप्पा राजेश्वरचे, मी त्याच भागातल्या हुलसूरचा. आमच्याकडं पाणी म्हणजे विहीर, तळं, फार तर पावसाळ्यातला ओढा. समुद्र शाळेच्या नकाशात निळ्या शाईचा. अप्पांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं होती. ती गेली, थोडी शेती राहिली, आणि अप्पा सामान उचलायच्या कामाला म्हणून किनाऱ्यावरच्या एका संस्थेत आले. पेट्या उचलता उचलता पेटीतली यंत्रं शिकले. मी बी.एस्सी. होऊन तिथं सहायक म्हणून लागलो, तेव्हा ते तंत्रज्ञ झालेले होते. पहिल्याच दिवशी फाटकावरच्या रखवालदाराशी माझी कुरबुर झाली आणि माझ्या तोंडून 'का'च्या जागी "कामून?" गेलं. मागून आवाज आला, "कुठला रे तू? हा 'कामून' आपल्याकडचा हाय." गावाचं नाव सांगितलं. तेव्हापासून त्यांनी मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. "ए हुलसूर!" एवढंच.

आमचं काम लोकांना सांगितलं की त्यांना चेष्टा वाटते. आम्ही समुद्राचा रंग मोजायचो. वरून उपग्रह जातो, तो समुद्राचे फोटो काढतो. पाणी निळं आहे की हिरवट, त्यावरून त्यात बारीक शेवाळ किती, मासळी कुठं असेल, असे अंदाज बांधतात. पण उपग्रहाला समुद्र दिसतो तो हवेच्या जाड पडद्यातून, त्यामुळं त्याचं खरं की खोटं हे तपासायला कुणीतरी खाली, त्याच पाण्यावर, त्याच वेळी उभं राहावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे आम्ही. भर दुपारी, ढग नसताना, जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला.

हातात धरायचं, उजेड मोजणारं यंत्र, रेडिओमीटर, अप्पांकडं. ते तीन जागी रोखायचं. आधी एका पांढऱ्याशुभ्र पाटीवर, म्हणजे ऊन किती आहे ते कळतं. मग आभाळावर. मग पाण्यावर, तेही सूर्याची चकाकी, जहाजाची सावली आणि फेस टाळून, ठरलेल्या कोनात. कोनाच्या तबकडीवरच्या बारीक रेघा अप्पा डोळे किलकिले करून वाचत. "पाटी, आभाळ, पाणी," असं पुटपुटत ते वळायचे, मेंढरं मोजावीत तसे. पाटीची पेटी उघडणं, पाटी धरणं आणि पुन्हा झाकणं हे माझं काम.

त्या पाटीला अप्पा 'देव' म्हणत. तिला फक्त कडेनं धरायचं. बोट लागलं तर बोटाचं तेल बसतं, तेल बसलं की पाटी पांढरी राहत नाही, आणि पाटी पांढरी नसेल तर पुढचं सगळं मोजमाप वाकडं. "देवाला पाठ दाखवली तर देव माफ करतो," ते म्हणत. "हात लावलास तर मी करणार न्हाई." उन्हात ती पाटी डोळ्यांत खुपते, म्हणून तिच्याकडं वळताना ते काळा चष्मा घालत. समुद्राकडं वळताना मात्र काढत.

चष्मा काढायचं कारण त्यांची वही. यंत्र लावायच्या आधी ते उघड्या डोळ्यांनी पाणी बघत आणि रंग स्वतःच्या शब्दांत लिहीत. 'कवळ्या हरभऱ्याचा घाटा.' 'नव्या घोंगडीचा काळा, उन्हात निळी झाक मारनारा.' 'मेथीची भाजी शिजल्यावर उरतं तसलं पानी.' आमच्या मुख्य शास्त्रज्ञ बाई, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, त्या वही बघून हसायच्या. त्यात कुचेष्टा नसायची, पण मोजमापाच्या तक्त्यात त्या वहीला जागाही नव्हती. अप्पांना त्याचं काही नव्हतं. "माज्या बापाला पन्नास काळ्या मेंढरातून आपली काळी वळखू यायची," ते मला म्हणाले होते. "लोक म्हनायचे, काळं ते काळं. बाप म्हनायचा, तुमी बघितलाच न्हाईत."

आणि भंडारा. खानापूरच्या मैलाराचा, म्हणजे आमच्याकडच्या खंडोबाचा, भंडारा एका कापडी पिशवीत भरून त्यांनी खोलीतल्या खिळ्याला टांगलेला असे. डेकवर जायच्या आधी चिमूटभर हळद कपाळाला लावायची, मग माझ्यापुढं पिशवी धरायची. "घे हुलसूर. भ्या जात न्हाई ह्यानं. पन आपल्याला भ्या हाय ते देवाला कळून राहतं." त्यानंतर साबणानं हात धुवायचे, कोपरापर्यंत. माझे हात धुऊन होईपर्यंत ते दारात उभे राहत. हळद आणि पांढरी पाटी यांची गाठ पडू द्यायची नाही, हा त्यांचा नियम होता, आणि तो त्यांनी एकदाही मोडला नाही.

आता ती सफर.

समुद्र त्या दिवशी वाईट नव्हता, असं खलाशी म्हणत होते. माझ्या मते तो वाईटच होता. जहाजाचं तोंड वर जायचं, क्षणभर थांबायचं, आणि मग धाडकन खाली जायचं. आदल्या दिवशीपासून माझ्या पोटात अन्न नव्हतं. भंडारा लावला, हात धुतले, अप्पांनी पाहिलं, ते पुढं गेले. मी वळलो आणि खोलीच्या गोल खिडकीत नुसतं पाणी दिसलं. आभाळ नव्हतंच. मी पिशवीत पुन्हा हात घातला, या वेळी मूठभर. कपाळ, मान, छाती, सगळीकडं लावलं. मग शर्टाला हात पुसले. धुवायला थांबलो असतो तर अप्पा परत आले असते, आणि त्यांना कळलं असतं.

काय कळलं असतं? मी भ्यालोय एवढंच. जो माणूस स्वतः जगाला ओरडून सांगायचा की मी भितो, त्याच्यापासून मी ते लपवत होतो.

टोकाला पोचलो. उपग्रह जायला थोडाच वेळ होता. अप्पांनी यंत्र घेतलं, मी पेटी उघडली. पाटी काढली, तेवढ्यात जहाज आडवं झालं. कमरेचा पट्टा कठड्याला अडकवलेला होता, मी पडणार नव्हतो, हे आज सांगता येतं. तेव्हा मला वाटलं, मी गेलो. हातात होतं ते मी छातीशी घट्ट आवळलं. हातात पाटी होती.

जहाज सरळ झालं. पाटीवर माझ्या पंजाचा फिकट पिवळा ठसा होता. अप्पा आभाळाकडं बघत होते. मी रुमालानं पुसलं. ठसा गेला, म्हणजे पसरला. उन्हात ती पाटी इतकी चमकत होती की मलाही ती पांढरीच दिसली, किंवा मी तशी बघितली.

"ए हुलसूर, देव बरा हाय का?" अप्पांनी विचारलं.

"हाय अप्पा."

त्यांनी काळा चष्मा चढवला आणि यंत्र रोखलं. पाटी, आभाळ, पाणी. तीन दिवस त्याच पाटीवर आम्ही मोजत राहिलो. रोज सकाळी वाटे, आज सांगावं. रोज वाटे, कालच्याचं काय सांगणार?

हळद निळा उजेड गिळते. पाटीवर हळद असेल तर यंत्राला वाटतं, आज उन्हात निळं कमीच आहे. मग पाण्यातून येणारं निळं त्याला अवाच्या सवा वाटतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं, त्या तिन्ही दिवशी माहीत होतं. किनाऱ्यावर परतल्यावर पहिल्याच दिवशी, प्रयोगशाळेत कुणी नसताना, मी ती पाटी पाण्याखाली धरली आणि बारीक घासकागदानं घासली. तशी ती साफ करता येते, तिच्या माहितीपत्रकातच दिलेलं असतं. ती पुन्हा दुधासारखी पांढरी झाली. त्या रात्री मला गाढ झोप लागली. त्यानंतर तशी झोप मला लागलेली नाही.

महिन्याभरानं आकडे जुळवले गेले. उपग्रह म्हणत होता पाणी हिरवट, आमचं यंत्र म्हणत होतं निळं. मॅडमनी यंत्र तपासलं, ठीक. पाटी तपासली, ठीक. मग उरला कोन. यंत्र थोडं जरी चुकीच्या कोनात धरलं तर पाण्यावर पडलेलं आभाळाचं प्रतिबिंब आत येतं आणि सगळं निळं दिसतं. मॅडमनी अप्पांना बोलावलं. मीही होतो. त्या फार हळू बोलल्या. "अप्पा, तबकडीवरच्या रेघा फार बारीक असतात हो. आता वयाप्रमाणे..."

अप्पांनी वही काढली. त्या तीन दिवसांच्या पानांवर त्यांनी मेथीचं पाणीच लिहिलं होतं, तिन्ही दिवस. "मॅडम, डोळ्यानं मी हिरवंच बघितलो."

"ते बरोबर आलंय अप्पा. उपग्रहही तेच म्हणतो. म्हणूनच म्हणते, चूक मोजताना झाली."

अप्पांनी ती पानं पुन्हा एकदा उलटली. मग म्हणाले, "वर उपग्रह, खाली पानी. दोघंबी खरं बोलायलेत. मधी तर मीच व्हतो."

मधे मीही होतो. मी टेबलाच्या कडेकडं बघत उभा राहिलो. एक वाक्य बोलायचं होतं. नोकरी नवी लागलेली नव्हती की पोरकटपणा म्हणून सोडून द्यावा. चाळिशी ओलांडलेला माणूस होतो मी. ते वाक्य मी बोललो नाही.

त्यांना परत जहाजावर धाडलं नाही. संस्थेच्या गोदामात पेट्यांची नोंद ठेवायचं काम दिलं, निवृत्तीपर्यंत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं डोळे चांगले आहेत, चष्म्याचा नंबरही फारसा वाढलेला नाही. अप्पांनी तो कागद माझ्यापुढं धरला. "डॉक्टर मानूस हाय, चुकतो. यंत्र कामून खोटं बोलंल?" वही त्यांनी मिटली ती मिटलीच. पूर्वी जेवायला बसलो की डाळीतला फरक ओळखायचे, ही तुरीची, ही मुगाची, हिला जास्त फोडणी बसली. आता विचारायचे, "कसली हाय रे डाळ?" मी ताटाकडं बघत सांगायचो, तुरीची.

निवृत्त होऊन ते राजेश्वरला गेले. मी सुट्टीत हुलसूरला यायचो तेव्हा त्यांच्याकडं जायचं टाळायचो. आणि टाळलं तर संशय येईल म्हणून जायचोही. त्यांच्या बायकोला मी अक्का म्हणतो. अक्का दारातच तक्रार करायची, "बघ की तुझ्या अप्पाला. रानात जायलेत न्हाई. ज्वारी पिकली का म्हून मला इचारायलेत. मला काय कळतंय?" अप्पा ओट्यावरून म्हणायचे, "जे जहाजावरच गेलेत त्या डोळ्यानं रान कशाला बघू?" मी हसायचो. भीती वाटली की मी हसतो, ही माझी सवय आहे.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी अक्काचा फोन आला. अप्पा दाराच्या चौकटीला धडकायला लागले होते. कडेचं दिसत नव्हतं. पोरांनी दवाखान्यात न्यायला किती महिने मिनतवाऱ्या केल्या, अप्पांचं एकच, "ते जुनंच हाय, त्याला काय दाखवायचं." शेवटी कलबुर्गीला नेलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली जपायची, पण राहिलीय ती अगदी थोडी. "डॉक्टर म्हनला," अक्का सांगत होती, "दोन वरसं आधी आला असता तर थांबवता आलं असतं. दोन वरसं आधी कामून आला न्हाईत म्हून वरडला आमच्यावरच."

का आले नाहीत ते या जगात एका माणसाला ठाऊक होतं.

मी गेलो. दुपारची वेळ, अप्पा ओट्यावर बसले होते, खांद्यावर तोच घोंगडीचा तुकडा. पायांच्या आवाजावरून ओळखलं. "हुलसूर? सुट्टी न्हाई काय न्हाई, कसा आलास?" अक्कानं चहा आणला. मी कप हातात घेतला आणि सगळं सांगितलं. पहिली चिमूट, मूठ, ठसा, रुमाल, घासकागद, मॅडमच्या खोलीतलं टेबल. सांगताना त्यांच्याकडं बघितलं नाही.

त्यांनी घोंगडीचा तुकडा खांद्यावर सारखा केला. मग म्हणाले, "हात तर धुतलेला मी बघितलो."

"धुतल्यावर पुन्हा घेतलो अप्पा."

"कामून?"

"भ्या वाटत व्हतं."

"मग सांगायचं नव्हतं? मी रोज वरडून सांगायचो ते कुनासाठी?"

त्यांनी मान वर केली, समोरच्या कडुलिंबाकडं, म्हणजे जिथं तो आहे हे त्यांना ठाऊक होतं तिकडं. आणि अगदी हळू, जणू हिशोब लागावा तसे म्हणाले, "म्हंजी तवा मला दिसत व्हतं."

मग पुन्हा, "त्या सफरीनंतरबी मला चांगलं दिसत व्हतं म्हन की."

अक्का उभी राहिली. माझ्या हातातला अर्धा भरलेला कप तिनं काढून घेतला. "ऊठ," ती म्हणाली. "बस निघंल तुझी." बस संध्याकाळची होती, हे तिला माहीत होतं. मी उठलो.

पायरी उतरताना मागून अप्पा बोलले, "भ्यालास त्याचं काय न्हाई, हुलसूर. दुसऱ्यांदा बघितला न्हाईस. ते वाईट केलास." आणि थोड्या वेळानं, "हापिसाला लिव्ह. ते आकडे अजून खरे म्हून बसले असतील तिथं. आन् धाडायच्या आधी मला वाचून दाखव."

लिहायला मला दोन महिने लागले. काय होईल ते ठाऊक आहे. चौकशी होईल, कदाचित नोकरी जाईल. बायकोला रात्री सांगितलं, ती सकाळी म्हणाली, लिहा. परवा पत्र पुरं झालं. अक्काच्या नंबरवर फोन लावला. तिनं उचलला, माझा आवाज ऐकला, आणि एक शब्द न बोलता फोन अप्पांच्या हातात दिला.

मी वाचलं. भंडारा, पाटी, तीन दिवस, अप्पांचा कोन चुकला नव्हता, दोष पूर्ण माझा. माझ्या मते चांगलं उतरलं होतं.

"पुन्हा वाच," अप्पा म्हणाले.

पुन्हा वाचलं.

"घासून काढलास ते कुठं हाय?"

ते मी लिहिलं नव्हतं. पाटीवर हळद लागणं हा अपघात ठरला असता. पुरावा धुऊन टाकणं अपघात ठरत नाही. मी विसरलो असं मला म्हणता येईना. कबुलीजबाब लिहितानाही माझ्या हातानं एक कोपरा झाकून ठेवला होता, आणि ज्याला दिसत नाही त्या माणसानं तो दुसऱ्या वाचनात धरला.

"लिव्हतो अप्पा."

"मी हाय फोनवर. लिव्ह."

मी लिहिलं. सफरीहून परतल्यावर पहिल्याच दिवशी, प्रयोगशाळेत कुणी नसताना, मी स्वतः ती पाटी घासली. तिसऱ्यांदा सगळं पहिल्यापासून वाचून दाखवलं. पलीकडं कोंबडीचा आवाज येत होता, अक्काचं भांडं वाजलं. मेल उघडून ठेवला होता. बोट बटणावर होतं आणि ते खाली जात नव्हतं. डोळ्यांपुढं पुन्हा ती गोल खिडकी आली, नुसतं पाणी दिसणारी.

"अप्पा," मी म्हणालो, "मला भ्या वाटायलंय."

आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. "आता धाड."